मुलाखतीची खोली आणि आपली मुले

स्मरणिकेत आठवणी लिहाव्यात असा संकेत आहे. भोजनगृह, प्रार्थनेची घंटा आणि गुरुजनांची शिस्त यांविषयी लिहिणारे अनेक जण या अंकात भेटतीलच. मला मात्र आपल्या मेळाव्यांत क्वचितच चर्चिल्या जाणाऱ्या एका विषयाकडे लक्ष वेधावयाचे आहे. आपली मुले पदव्या मिळवितात, लेखी परीक्षांतही पुढे जातात. आणि त्यांतील अनेक जण अखेरच्या पायरीवर, मुलाखतीच्या खोलीत, मागे पडतात. 'नशिबात नव्हते' असे म्हणून घरी हा विषय संपविला जातो. तो तसा संपविता कामा नये.

प्रथम मुलाखतीचे खरे वजन किती, ते पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत लेखी मुख्य परीक्षेला १७५० गुण आहेत आणि व्यक्तिमत्त्व चाचणीला २७५. हे प्रमाण थोडे वाटते. परंतु अंतिम यादीत दोन-चार गुणांनी सेवा बदलते, कधी नावच गळते. म्हणूनच मुलाखतीला किती गुण असावेत, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८१ साली अजय हासिया खटल्यात, महाविद्यालयीन प्रवेशाच्या संदर्भात, मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण देणे मनमानीचे ठरेल असे न्यायालयाने म्हटले. १९८५ साली अशोक कुमार यादव खटल्यात हरियाणाच्या सेवाभरतीतील सर्वसाधारण उमेदवारांसाठीचे २२.२ टक्क्यांचे प्रमाण न्यायालयाला अवाजवी वाटले आणि ते १२.२ टक्क्यांवर आणावे असे सांगण्यात आले. पुढे १ जानेवारी २०१६ पासून केंद्र शासनाने गट 'ब' अराजपत्रित, गट 'क' आणि त्याखालील पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. या साऱ्यामागे एकच जाणीव आहे. थोडक्या वेळात, समोरासमोर बसून माणूस पारखताना आवडी-निवडीला फार वाव मिळतो.

खाजगी क्षेत्रात तर मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोहोचणे हाच एक अडथळा आहे. आपल्याच विदर्भातून पुढे आलेले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मध्ये प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण व पात्रता समान. भिन्न होती ती केवळ नावे. उच्चवर्णीय वाटणाऱ्या नावाच्या तुलनेत दलित वाटणाऱ्या नावाला अनुकूल उत्तर येण्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लीम नावाला सुमारे एक-तृतीयांश आढळले. याच विषयावर सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी संवाद साधला. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असे ते अधिकारी सांगत. आणि त्याच दमात उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी जाणून घेणे आवश्यक आहे, असेही सांगत. या दोन विधानांतील विसंगती त्यांना जाणवत नव्हती.

सेवाकाळात काही वर्षे मला निवड समित्यांवर बसण्याचा योग आला. त्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट झाली. 'स्वतःविषयी काही सांगा' या पहिल्या प्रश्नालाच आपल्या मुलांची वाट अडते. नाव, गाव, शिक्षण एवढे सांगून ती थांबतात. शहरी सुखवस्तू घरातील मूल या प्रश्नावर सहजपणे पाच मिनिटे बोलते, कारण जेवणाच्या टेबलावर लहानपणापासून त्याचे मत विचारले गेलेले असते. मग येतो छंदांचा प्रश्न. ज्या मुलाची सुटी कापूस वेचण्यात किंवा वीटभट्टीवर गेली, त्याने कोणता छंद सांगावा? तो अडखळत 'वाचन' म्हणतो. पुढचा प्रश्न 'अलीकडे काय वाचले?' असा येतो, आणि समितीतील एखादा सदस्य कागदावर 'आत्मविश्वासाचा अभाव' असे लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात मोजला गेला तो आत्मविश्वास नव्हे. मोजली गेली ती घरातली बोलण्याची सवय.

येथे आपल्यातीलच काही विचारी माणसे आक्षेप घेतात. ते म्हणतात, खोलीच सदोष आहे तर आपल्या मुलांनी तिच्या रीतीभाती का शिकाव्यात? टाय बांधायचा, इंग्रजीत हसायचे, हे दुसऱ्याच्या साच्यात स्वतःला ओतणे नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते, तरी १९१७ साली बडोद्यात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. केवळ व्यक्तीच्या तयारीने भिंत पडत नाही, हे आपल्या समाजाला कोणी शिकविण्याची गरज नाही. परंतु त्याच बाबासाहेबांनी पुढच्याच वर्षी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळविले आणि आपल्या अध्यापनाने वर्ग जिंकला. खोली बदलण्याचा आग्रह आणि खोलीत शिरण्याची तयारी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात. खोली निर्दोष होईपर्यंत थांबा, असे आज बाविशीत असलेल्या मुलाला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तयारी म्हणजे मात्र नक्कल नव्हे. निवासी विद्यालयातील मुलाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. ते सांगण्याजोगे आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. भोजनगृहाच्या पाळ्या लावणारा विद्यार्थी मनुष्यबळाचे नियोजन करीत असतो. धान्यकोठीची नोंदवही ठेवणारी मुलगी साठ्याचा हिशेब सांभाळीत असते. पाण्याच्या टंचाईत दीडशे मुलांना रांगेत उभे करून भांडण होऊ न देणे, आजारी पडलेल्या लहान मुलाजवळ रात्रभर बसणे, चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाची वर्गणी पै-पैच्या हिशेबासह जमविणे, हे सारे अनुभव आहेत. 'मी मेहनती आहे' या वाक्याला मुलाखतीत फारशी किंमत नाही. 'पाण्याच्या पाळीवरून तंटा झाला, मी अशी व्यवस्था लावली, पुढील दोन महिने तक्रार आली नाही' या तीन वाक्यांना आहे. परिस्थिती काय होती, मी काय केले, त्यातून काय निष्पन्न झाले, एवढा क्रम मुलाच्या अंगवळणी पडला तरी अर्धे काम झाले.

अडचणीच्या प्रश्नांचीही तयारी हवी. नुसते नाव सांगितले की 'पूर्ण नाव?' आणि 'मूळ गाव कोणते?' असे विचारले जाते. त्यामागे काय जाणून घ्यावयाचे असते ते आपण जाणतो. सरळ आणि शांतपणे उत्तर द्यावे. लपविण्यासारखे त्यात काहीही नाही. 'आरक्षणाविषयी तुमचे मत काय?' हा प्रश्न कधी जिज्ञासेने, कधी डिवचण्यासाठी येतो. हेतू कोणताही असो, उत्तर तेच राहावे. संविधानाच्या अनुच्छेद १६(४) मध्ये अपुऱ्या प्रतिनिधित्वाचा विचार आहे, तो सांगावा. आवाज चढवू नये आणि माफीच्या सुरातही बोलू नये. सम्यक वाचा म्हणजे गुळमुळीत वाणी नव्हे; सत्य, वेळेवर आणि द्वेषाविना बोलणे होय.

कागदपत्रांच्या बाबतीत थोडक्यात सांगतो, कारण येथे होणारे नुकसान सर्वस्वी टाळता येण्यासारखे असते. बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. केंद्राच्या नोकरीसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो, राज्याचा नमुना चालत नाही. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज आधीच करून ठेवावा. नोकरीसाठी कोणी पैसे मागितले तर तेथेच थांबावे. नियुक्तिपत्रातील कराराच्या अटी वाचल्याविना स्वाक्षरी करू नये. आणि पगाराची अपेक्षा विचारली असता 'आपण द्याल ते' असे म्हणू नये. त्या पदाचे प्रचलित वेतन आधी विचारून ठेवावे आणि आकडा सांगावा. श्रमाची किंमत सांगणे हा लोभ नव्हे.

आता दुसरी बाजू. आपले अनेक माजी विद्यार्थी आज अधिकारी, प्राचार्य, व्यवस्थापक, उद्योजक आहेत. म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसलेले आहेत. माझे त्यांच्याशी अधिक भांडण आहे. १९९८ साली श्मिट आणि हंटर यांनी ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. मनाला येईल ते विचारण्यापेक्षा सर्व उमेदवारांना तेच ठरलेले प्रश्न विचारून आणि गुणदानाचे निकष आधी निश्चित करून घेतलेली मुलाखत कामातील यश अधिक अचूक सांगते, असे त्यांना आढळले. म्हणजे न्याय्य पद्धत हीच कार्यक्षम पद्धतही आहे. मग आपण समितीवर असताना प्रश्न आधी लिहून काढण्याचा आग्रह किती जणांनी धरला? प्रत्येक सदस्याने चर्चेपूर्वी स्वतंत्रपणे गुण लिहावेत, वडिलांचा व्यवसाय आणि छंद यांवर गुण देऊ नयेत, उच्चार नव्हे तर आशय मोजावा, हे सुचविण्यास पैसा लागत नाही. थोडे धैर्य लागते. समितीत आपण एकटेच असतो आणि आग्रह धरला तर 'आपल्या लोकांची बाजू घेतो' असे म्हटले जाईल ही भीती असते, हे मला ठाऊक आहे. परंतु ही पद्धत सर्वांनाच सारखी लागू होते. ती कोणाचीही बाजू घेत नाही. मौनाचा लाभ मात्र नेहमी एकाच बाजूला होतो.

म्हणून विद्यालयापुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे एक सूचना ठेवतो. नववीपासून पुढे महिन्यातील एक शनिवार संभाषणाच्या सरावासाठी राखावा. प्रत्येक विद्यार्थ्याने उभे राहून पाच मिनिटे स्वतःच्या एखाद्या कामाविषयी बोलावे. मराठीत आधी, इंग्रजीत नंतर. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून दोन दिवस येऊन सराव मुलाखती घ्याव्यात आणि प्रत्येकाला लेखी अभिप्राय द्यावा. पालकांनी सुटीत घरी आलेल्या मुलाला 'तुला काय वाटते?' असे विचारावे आणि त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबावे. मुलीला तर आवर्जून विचारावे.

इमारतीच्या नूतनीकरणासाठी आपण देणग्या देतो; द्याव्यातच. त्याबरोबर प्रत्येकाने दोन दिवस द्यावेत. सम्यक आजीविकेचा मार्ग मुलांना शिकवावयाचा, आणि त्या मार्गावरील शेवटचा दरवाजा उघडण्याची रीत मात्र सांगावयाची नाही, हे आपल्या संस्थेला शोभणारे नाही. येत्या वर्षाच्या वेळापत्रकात तो पहिला शनिवार कोणता, हे ठरविण्याची जबाबदारी आता आपणा सर्वांची आहे.