सेवाकार्य आणि शिस्त

विनावेतन केलेल्या कामांत चूक राहिली तर ती पोटांत घालावी, अशी समजूत आपल्या समाजांत सर्वत्र आढळते. आमच्या मतें ही समजूत घातक आहे. तिचें खंडन पाहावयाचें असेल तर विद्यार्थ्यांनीं डेबियनकडे दृष्टि टाकावी. डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारी मूळ प्रणाली होय. १९९३ सालीं इयन मर्डॉक या तरुणानें तिचा आरंभ केला. तिचा भार जगभरचे स्वयंसेवक वाहतात. त्यांची परिषद २०२३ च्या सप्टेंबरांत आपल्याच देशांत, कोची येथें भरली होती. प्रणाली फुकट मिळते, तरी तिच्यावर मोठमोठे व्यवहार विसंबतात. याचें मर्म टप्प्यांत आहे.

नवी आज्ञावली प्रथम ‘अनस्टेबल’ म्हणजे अस्थिर विभागांत येते. तेथें साधारणतः कांहीं दिवस राहून तींत नवा गंभीर दोष निघाला नाहीं, तरच ती ‘टेस्टिंग’ या परीक्षेच्या विभागांत जाते. पुढें ‘फ्रीझ’ म्हणजे गोठवण येते. तेराव्या आवृत्तीची गोठवण १५ मार्च २०२५ रोजीं सुरू झाली, एप्रिल व मे महिन्यांच्या १५ तारखांस अधिक कडक झाली, २७ जुलै रोजीं पूर्ण झाली. आणि ९ ऑगस्ट रोजीं ती ‘स्टेबल’ म्हणून प्रसिद्ध झाली. प्रथम मोठे फेरफार बंद होतात, मग लहान. शेवटीं प्रत्येक बदलास प्रकाशन-मंडळाची अनुज्ञा लागते.

वाशीम जिल्ह्यांतील पालकांस हें नवें वाटूं नये. सोयाबीनचें बियाणेंही पैदासकार, पायाभूत व प्रमाणित अशा पायऱ्यांनींच येतें. शेताची तपासणी होऊन उगवण शेंकडा ७० भरल्यावांचून पिशवीस प्रमाणपत्राची निळी चिठ्ठी लागत नाहीं.

यानें विलंब होतो, असा आक्षेप येईल. तो अगदींच खोटा नाहीं. जुलै २००२ नंतरची आवृत्ति जून २००५ मध्यें निघाली. परंतु त्या मंडळीनें परीक्षा सोडून दिली नाहीं. २००९ मध्यें दर दोन वर्षांनीं गोठवण करण्याचें धोरण ठरविलें, आणि प्रकाशन मात्र काम तयार झाल्यावरच, हा नियम कायम ठेविला.

एके वर्षीं वार्षिक अंक छापावयास जाण्याच्या आदल्या रात्रीं आम्हींच एक लेख नव्यानें घातला. पानें सरकलीं, पुन्हां मुद्रितें तपासण्यास वेळ उरला नाहीं. अंक निघाला तेव्हां एका मुलीच्या निबंधाखालीं दुसरीचेंच नांव होतें. मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिच्या वडिलांनीं अंक मिटून मुकाट्यानें टेबलावर ठेविला. ‘आम्ही तर विनामोबदला राबलों’ हें उत्तर ओठांवर आलें आणि तेथेंच विरलें. तिचा निबंध तर तिनेंही विनामोबदलाच लिहिला होता.

म्हणून, विद्यार्थ्यांनो, स्नेहसंमेलनाचें नाटक असो वा विज्ञान-प्रदर्शनांतील प्रयोग, शेवटचे कांहीं दिवस गोठवणीचे समजा. त्या दिवसांत नवें कांहीं घालूं नका; जें आहे त्यांतील दोष काढा. देवास वाहावयाचें अर्पण निर्दोष असावें, असें शास्त्र शिकवितें. शेजाऱ्यास फुकट दिलेली सेवा हेंही अर्पणच आहे.