बंद पडलेली जावा विकताना : रंगापेक्षा नोंद मोलाची

१/ मुंबई-पुण्यातील जुन्या वाड्यांत, बंगल्यांच्या गॅरेजांत, इमारतींच्या जिन्याखाली आजही ताडपत्रीआड धूळ खात पडलेल्या जावा मोटारसायकली सापडतात. वडील किंवा आजोबा गेल्यावर वारस ती गाडी विकायला काढतात आणि पहिला सल्ला मिळतो : ‘आधी रंग मारा, चालू करून दाखवा, मग भाव येईल.’ हा सल्ला इतिहासाला मारक आहे आणि व्यवहारातही तोट्याचा आहे. तो कसा, हे सांगणारा हा धागा.

२/ प्रथम नावाविषयी. या ‘जावा’चा त्या नावाच्या बेटाशी काहीही संबंध नाही. चेकोस्लोव्हाकियातील शस्त्रनिर्माते फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये जर्मनीच्या ‘वांडरर’ कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले. यानेचेक आणि वांडरर या दोन नावांतील पहिली दोन-दोन रोमन अक्षरे जोडून हे नाव सिद्ध झाले. चेक लोक त्याचा उच्चार ‘यावा’ असा करतात.

३/ स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी तयार वाहनांच्या आयातीवर निर्बंध आले. तेव्हा मुंबईच्या इराणी कुटुंबातील रुस्तम इराणी यांनी चेक कंपनीकडून परवाना मिळवून म्हैसूर येथे ‘आयडियल जावा’ हा कारखाना उभारला. १९६१ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. मद्रासची बुलेट आणि एस्कॉर्ट्सची राजदूत यांच्या जोडीने भारतीय रस्त्यांवर जावा दिसू लागली ती अशी.

४/ ती गाडी वेगळी होती. २५० सी.सी. वर्गातले एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअर यांसाठी दांडा एकच : तो वळवून किक मारायची आणि पुन्हा जागेवर आणून त्यानेच गिअर टाकायचे. स्पीडोमीटर हेडलाइटच्या घुमटातच बसवलेला. गडद तांबडा रंग आणि टाकीच्या दोन्ही अंगांना चकाकते क्रोम.

५/ पुढे १९७०च्या दशकात हीच गाडी ‘येझदी’ झाली, १९७८ मध्ये ‘रोडकिंग’ आली आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळे लागले. २०१८ मध्ये जावा हे नाव बाजारात परतले. परंतु ते यंत्र सर्वस्वी नवे आहे, त्याचे इंजिन जुन्या गाडीला कामाचे नाही. म्हणजेच म्हैसूरच्या मूळ भागांचा साठा आता वाढणार नाही. झाला तर तो कमीच होईल.

६/ येथेच मुख्य प्रश्न उभा राहतो. वीस-तीस वर्षे बंद असलेली जावा विकणारा नेमके काय विकत असतो? धावणारे वाहन तर नव्हेच. तो विकतो तीन गोष्टी : गाडीचे मूळपण, तिची पूर्णता आणि तिची कागदपत्रे. घाईघाईने केलेली डागडुजी पहिल्या दोन गोष्टींचा नाश करते आणि तिसरीवर संशय आणते.

७/ ‘एक किक मारून तर पाहू’ हा मोह सर्वांत महागात पडणारा. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या बेअरिंगांना वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की ही तेलाची झिलई सुकते, ओलाव्याने गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटतात. अशा वेळी जोराने मारलेली किक रिंग मोडू शकते आणि बोअरवर कायमचे ओरखडे पाडू शकते.

८/ इंजिन चालू झालेच, तरी धोका टळत नाही. टू-स्ट्रोक इंजिन श्वास घेते ते क्रँककेसमधून, आणि तिथल्या हवाबंदपणाची राखण रबरी ऑइल सील करतात. ते वाळून तडकले असतील, तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते, इंजिन तापते आणि पिस्टन जाम होतो. विक्रीच्या व्हिडिओत दोन मिनिटे धूर दाखवण्याची ही किंमत असते.

९/ इंधनाचेही तसेच. जुने पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेला चिकट थर कार्ब्युरेटरची बारीक भोके बुजवतो. टाकीतला गंज सुटून खाली येतो. त्यात आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते पाणी शोषते आणि साठच्या दशकातील रबरी भागांना मानवत नाही. टाकी न धुता नवे पेट्रोल ओतणे म्हणजे घाण पुढे ढकलणे.

१०/ मग विक्रेत्याने काय करावे? प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे आणि काही दिवस वाट पाहावी. मग वरचा गिअर टाकून मागचे चाक हाताने हलके फिरवून पाहावे. फिरले, तर ‘इंजिन फिरते’ असे लिहावे. न फिरले, तर तिथेच थांबून ‘इंजिन जाम आहे’ असे लिहावे. दोन्ही विधाने ग्राहकाला पुरेशी असतात. त्यापुढचे काम नव्या मालकाच्या मेकॅनिकचे.

११/ आता रंगाविषयी. झिजलेला मूळ रंग, टाकीवरचे काळवंडलेले क्रोम, कारखान्यातून आलेली चिन्हे हे सारे पुरावे आहेत. बोअर पुन्हा करता येतो, क्रँक पुन्हा बांधता येतो. पण कारखान्यातला रंग एकदा खरवडला की तो परत आणता येत नाही. घासकामात चेसिसवरचा ठोकलेला क्रमांक पुसट झाला, तर जाणता ग्राहक पाठ फिरवतो आणि आर.टी.ओ.त खुलासे देण्याची वेळ येते.

१२/ या मूळपणाला आता कायद्याचाही आधार आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांची तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली दुचाकी तिच्यात बसते. मात्र ती मूळ स्वरूपात हवी, चेसिस, सांगाडा वा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. साठच्या दशकात नोंदलेली प्रत्येक जावा आज पन्नाशी ओलांडून गेली आहे.

१३/ या नोंदणीची मुदत १० वर्षे असते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये. आधीपासून नोंदलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांकही राखता येतो. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. हौशी ग्राहकाला तेवढे पुरते. दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवून ‘चालू’ केलेली जावा मात्र या दारातून परत फिरू शकते.

१४/ म्हणून रंगाच्या डब्याआधी आर.सी. बुक शोधावे. त्यातील चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणी १५ वर्षे चालते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण लागते. बंद गाडीचे ते बहुधा राहून गेलेले असते. तसे असेल तर स्पष्ट सांगावे. लपवलेली त्रुटी आर.टी.ओ.च्या खिडकीवर उघडी पडतेच.

१५/ मालक हयात नसेल, तर वारसाने आधी नमुना ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यावी. नियमाप्रमाणे मृत्यूची सूचना ३० दिवसांत आणि हा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो. पुष्कळ घरांत तो काळ केव्हाच लोटलेला असतो, पण म्हणून ही पायरी गाळून चालत नाही. त्यानंतर विक्रीसाठी नमुना २९ आणि ३०.

१६/ कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून गाडी सोपवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती धोक्याची आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की ज्याच्या नावावर नोंदणी, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी दाराबाहेर गेली म्हणून दायित्व तिच्या मागोमाग जात नाही.

१७/ यावर एक आक्षेप रास्त आहे : चालू गाडीला बंद गाडीपेक्षा अधिक पैसे मिळतात. मिळतात, परंतु नीट, जाणत्या हातांनी, योग्य भाग वापरून चालू केलेल्या गाडीला. ते काम महिने खाते आणि त्याचा खर्च आधी सांगता येत नाही. तो करण्याची तयारी असलेल्याने खुशाल करावा. वरवरच्या कामाला मात्र ग्राहक दोनदा पैसे मोजतो : एकदा ते विकत घेताना, दुसऱ्यांदा ते उतरवताना. हे ओळखणारे ग्राहक आज पुष्कळ आहेत आणि ते तितके पैसे भावातून वजा करतात.

१८/ दुसरा आक्षेप भावनेचा : ‘इतक्या मळकट रूपात वडिलांची गाडी कशी दाखवायची?’ धूळ पुसावी, उंदरांची घरटी काढावीत, कोरड्या फडक्याने क्रोम स्वच्छ करावे. त्याने अब्रू राहते आणि पुरावाही राहतो. गाडीसोबत जुनी बिले, विमा, कराच्या पावत्या, किल्ल्या, हत्यारांची पिशवी, मालकाचे गाडीवरचे छायाचित्र द्यावे. या वस्तू भंगारात गेल्या की पुन्हा मिळत नाहीत.

१९/ आयडियल जावाचा कारखाना आता नाही. त्या उद्योगाचा इतिहास उरला आहे तो अशा गॅरेजांत आणि जिन्यांखाली. कोणती गाडी कोणत्या वर्षी, कोणत्या शहरात, कोणाच्या नावे उतरली, हे सांगणारा कागद आणि पत्रा विक्रेत्याच्याच हाती असतो. विक्रीच्या दिवशी तो जसाच्या तसा पुढच्या हाती गेला, तर सौदा सचोटीचा होतो आणि एका बंद झालेल्या उद्योगाची नोंदही टिकते.