आजारी लेकरू आणि शाळा



2022 साली लम्पी आला तेव्हा आपण काय केले ते आठवा. अंगावर गाठी दिसताच जनावर वेगळे बांधले, त्याचे चारा-पाणी निराळे केले. जनावरांचे बाजारही बंद ठेवले गेले. मग पोराला गोवर निघालेला असताना "ताप उतरलाय, जाऊ दे शाळेत" असे आपण का म्हणतो?

कारण सर्वांना ठाऊक आहे. खुरपणीचे दिवस, घरची सारी माणसे रानात. पोराजवळ बसायचे तर एका माणसाचा रोज बुडतो. शाळेत गुरुजींची नजर राहील, दुपारी खिचडी मिळेल, असा आईचा हिशेब. तो चुकतो तो असा. गोवर खोकल्यातून हवेत पसरतो आणि रोगी उठून गेल्यावरही दोन तासांपर्यंत खोलीत टिकतो. लस न घेतलेल्या दहा मुलांत नऊ जणांना तो होऊ शकतो. शाळेतून तो कुणाच्या तरी घरच्या तान्ह्या बाळापर्यंत पोचतो. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. त्याआधीच्या बाळाला दुसऱ्यांची काळजी हाच आधार.

तेव्हा पोराला घरी किती दिवस ठेवायचे, ते लिहून ठेवा :

गोवर – पुरळ उठल्यानंतर चार दिवस.
कांजिण्या – सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारण पाच ते सात दिवस. तापासाठी ॲस्पिरिनची गोळी देऊ नये.
गालफुगी – सूज आल्यापासून पाच दिवस.
जुलाब-उलट्या – थांबल्यावर आणखी दोन दिवस.
डोळे येणे – पाणी व चिपडे थांबेपर्यंत. टॉवेल वेगळा ठेवावा.
खरूज – घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी औषध लावावे; दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवावे.
साधा ताप – औषध न देता पूर्ण एक दिवस ताप नसावा.

नुसते नाक गळते किंवा डोक्यात उवा झाल्या म्हणून मात्र शाळा बुडवू नका.

आता प्रश्न उरतो रानातल्या कामाचा. पेरणी-खुरपणीला आपण सावड करतो, तशीच इथेही करावी. आज तिच्या वाट्याची खुरपणी तुम्ही करा, पुढे तुमचे पोर आजारी पडले तर ती करील. पोराजवळ बसायला ज्यांना तो आजार होऊन गेला आहे अशी आजी किंवा आजोबा बरे. गुरुजींना मात्र निरोप धाडा, म्हणजे वर्गातल्या इतर मुलांवर त्यांचे लक्ष राहील.

गोवरात उशाला लिंबाचा पाला ठेवलात तर हरकत नाही. पण पोराचे खाणे-पिणे तोडू नका. आरोग्य केंद्रात 'अ' जीवनसत्त्वाचा डोस मिळतो, तो अवश्य घ्या. धाप लागली, झटका आला, डोळे खोल गेले किंवा पोर पाणीही पिईना, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा.

आणि आज एवढे कराच : लसीचे कार्ड पेटीतून बाहेर काढा. नऊ महिन्यांची आणि सोळा महिन्यांनंतरची, अशा गोवराच्या दोन्ही लसी त्यावर लिहिलेल्या आहेत का ते पाहा. नसतील तर आशाताईंना विचारा. लस मोफत आहे.