तपासणी अंगणवाडीत, उपचार वर्ध्याला

मुलाच्या बोबड्या बोलांचे घरोघरी कौतुक होते. मात्र चौथ्या वर्षीही ते एकच शब्द दर वेळी निराळा उच्चारत असेल, तर मेंदू आणि जीभ-ओठांच्या हालचाली यांच्या समन्वयातच दोष असू शकतो. त्यावरील वाचोपचार सर्वस्वी सरावावर उभे आहेत : आठवड्यातून अनेकदा, त्याच शब्दांची पुनःपुन्हा आवर्तने. (नुसते फुगे फुगवून उच्चार सुधारत नाहीत.) २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीची तरतूद आहे, उपचाराचे केंद्र मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी. सेलूच्या शेतमजुराने रोजी बुडवून वर्ध्याच्या किती खेपा घालाव्यात? वाचातज्ज्ञानेच ठरल्या दिवशी सेलूत यावे आणि रोजचा सराव आईवडिलांना शिकवावा, हे अधिक व्यवहार्य. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.