सी ड्राइव्हवरचा रुमाल

एप्रिल २०२५ मधली गोष्ट. परभणीत त्या दिवसांत दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते. जेवण झाले की मी कूलर लावून कॉम्प्युटरसमोर बसतो. निवृत्त मास्तराची असतात तेवढीच माझी कामे : पेन्शनचा हिशेब, जिंतूर तालुक्यातल्या चार एकरांचा सातबारा, नातवंडांचे फोटो. त्या दुपारी एक फोटो शोधताना सी ड्राइव्ह उघडला, तर तिथे एक पिवळे फोल्डर दिसले. आदल्या आठवड्यात ते नव्हते. नाव इंग्रजी, सात अक्षरांचे : आय-एन-ई-टी-पी-यू-बी. आयनेटपब. उघडून पाहिले. आत काहीही नव्हते.

आत काही सापडले असते तर मी इतका घाबरलो नसतो. एस. टी. स्टँडवर बेवारस पिशवी दिसली तर हात लावू नका, असे आपल्याला इतकी वर्षे सांगितले जाते. पण पिशवी आपल्याच घरात, आपल्याच कपाटात निघाली तर काय करायचे, हे कोणी सांगितलेले नाही. मी बायकोला हाक मारली. ती म्हणाली, ‘‘अहो, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल.’’ मी काहीही दाबले नव्हते. आमच्या निवृत्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारले, तेव्हा तिघांनी आपापल्या घरी जाऊन पाहिले आणि तिघांच्याही कॉम्प्युटरवर तेच फोल्डर निघाले. मग काय, साथच आली म्हणायची! कोणीतरी ठामपणे लिहिले, ‘व्हायरस आहे, ताबडतोब डिलीट करा.’ मी केले. कॉम्प्युटरने मध्येच ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागितली. घरचा ॲडमिनिस्ट्रेटर मीच, म्हणून तीही दिली. आणि आयुष्यभर फळा पुसूनच वर्गाबाहेर पडण्याची सवय असल्यामुळे रिसायकल बिनही रिकामा करून टाकला.

चार दिवसांनी पुण्याहून मुलाचा फोन आला. सहज विषय निघाला, तर तो म्हणाला, ‘‘बाबा, ते काढायचं नव्हतं. ते विंडोजच्या अपडेटनंच टाकलंय. परत आणावं लागेल.’’ तो घाईत होता आणि मी घाबरलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घालून मी एका दुकानात नेला. तिथला मुलगा माझ्याच एका विद्यार्थ्याचा मुलगा, कामसू आणि गुणी. त्याने फोल्डरचे नावही ऐकलेले नव्हते. तो म्हणाला, ‘‘सर, आता कशाला रिस्क? फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो. बॅकअप आहे ना?’’ मी ‘आहे’ म्हणालो. बॅकअप म्हणजे माझ्या खिशातला पेन ड्राइव्ह, असे मी समजत होतो.

डी ड्राइव्हवर आईच्या ओव्या होत्या. ती थकल्यावर, २००९ साली, मी टेपरेकॉर्डरवर तिच्या एकेचाळीस ओव्या उतरवून घेतल्या होत्या. जाते केव्हाच बंद पडलेले, पण गंगाखेडच्या जनाबाईच्या मुलखातल्या बायकांना ओवी आठवायला जाते लागतेच असे नाही. पुढे टेपची फीत चिकटली. त्याआधी कशाबशा त्या कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या. पेन ड्राइव्हवर त्यांतल्या बाराच निघाल्या.

दोष त्या मुलाचा म्हणावा तर त्याने विचारले होते. माझा म्हणावा तर आहेच, आणि तो मी कोणाच्या माथी मारणार नाही. पण एका रिकाम्या, शून्य बाइटच्या फोल्डरपासून आईच्या एकोणतीस ओव्यांपर्यंतचा हा रस्ता नेमका कुठून सुरू झाला, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

आधी ते फोल्डर काय होते ते सांगतो. हे मला नंतर वाचून कळले. ८ एप्रिल २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजचे मासिक सुरक्षा अपडेट दिले. ते बसल्यावर जगभरच्या विंडोज १० आणि ११ च्या कॉम्प्युटरांवर सी ड्राइव्हच्या अगदी दारात हे फोल्डर उमटू लागले. हे नाव मूळचे आयआयएस या मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरचे. ज्यांच्या कॉम्प्युटरवरून वेबसाइट चालते त्यांच्याकडे ते असणे स्वाभाविक. माझ्यासारख्याकडे त्याचे काय काम? पहिल्या दिवशीच्या माहितीत त्याचा उल्लेख नव्हता. लोकांची विचारणा सुरू झाल्यावर काही दिवसांनी सीव्हीई-२०२५-२१२०४ या क्रमांकाच्या सुरक्षा सूचनेत मजकूर वाढवला गेला : हे फोल्डर अपडेटनेच तयार केले आहे, तुम्ही आयआयएस वापरत असा वा नसा, ते काढू नका, संरक्षण वाढवण्याच्या बदलांचा तो भाग आहे.

रिकामे फोल्डर संरक्षण कसे करते? परभणीच्या स्टँडवर जिंतूर गाडी लागली की खिडकीतून आत रुमाल टाकतात, तसे. रुमाल काही करत नाही, फक्त जागा धरतो. विंडोजमध्ये एखाद्या फोल्डरच्या जागी नुसती फसवी पाटी लावता येते : नाव एक, पण नेते दुसरीकडेच. विंडोजचा सर्वाधिकार असलेला एखादा भाग त्या पाटीवर विश्वासून भलत्याच ठिकाणी जाऊन काम करतो आणि चोराचे फावते. ज्या भेगेवर हे अपडेट होते, ती याच जातीची. फोल्डर आधीच तिथे असले, त्याची मालकी खुद्द सिस्टिमकडे असली, की त्या नावाची खोटी पाटी दुसऱ्याला लावता येत नाही. त्याच महिन्यात केविन ब्यूमाँट या ब्रिटिश सुरक्षा अभ्यासकाने याची उलट बाजूही दाखवून दिली. कोणी आधीच त्या नावाची पाटी नोटपॅडसारख्या भलत्याच प्रोग्रामकडे वळवून ठेवली, तर पुढची अपडेट्सच अडून बसतात. म्हणजे दुसऱ्याने आधी रुमाल टाकला आणि गाडीच हलेना!

ज्यांनी माझ्यासारखे काढून टाकले असेल त्यांनी एक करावे. कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोज फीचर्स चालू-बंद करण्याची यादी असते; तीत इंटरनेट इन्फर्मेशन सर्व्हिसेससमोर खूण करून ओके म्हटले की फोल्डर योग्य मालकीसह परत येते. त्याच नावाचे फोल्डर हाताने बनवून भागत नाही, कारण मग त्याचे मालक आपण होतो. एवढेच. ना दुकान लागत होते, ना फॉरमॅट. जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने यासाठी एक स्क्रिप्टही दिली. पण ती चालवणे मास्तरांचे काम नव्हे.

आता कोणी म्हणेल, न कळणाऱ्या गोष्टीला हात लावायचा नाही, एवढी अक्कल वयोमानाने यायला हवी. खरे आहे. पण आमची अक्कल कुठल्या शाळेत घडली तेही बघा. २००६-०७ च्या सुमारास आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह परत आला की त्यात ‘न्यू फोल्डर’ नावाचे एक पिवळे फोल्डर निघे. ते फोल्डर नव्हतेच. तो प्रोग्राम होता, फोल्डराचे चित्र पांघरलेला; आणि नावापुढचे शेपूट विंडोज आपणहून लपवत असल्यामुळे ओळखता येत नसे. दोनदा टिचकी मारली की कॉम्प्युटर आजारी. त्या काळात एमएससीआयटी करणाऱ्या आमच्या अख्ख्या पिढीने एक धडा पाठ केला : आपण न बनवलेले फोल्डर दिसले की काढा.

उलटा धडाही आम्हीच गिरवला होता. २००२ मध्ये एक ई-मेल जगभर फिरला. तुमच्या विंडोजमध्ये जेडीबीजीएमजीआर नावाची फाइल असेल, तिचे चित्र छोट्या अस्वलाचे आहे, तो व्हायरस आहे, काढून टाका. लोकांनी शोधले, अस्वल सापडले, पटापट काढले. ती फाइल मायक्रोसॉफ्टचीच होती, जावाच्या कामाची, पूर्ण निरुपद्रवी. व्हायरस नव्हताच, त्या पत्राने माणसांनाच कामाला लावले होते.

आणि तिसरा धडा सर्वांत वाईट. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रसिनोविच या अमेरिकन तज्ज्ञाने जाहीर केले की सोनी बीएमजीच्या काही गाण्यांच्या सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्या की आत एक लपलेला प्रोग्राम बसतो. ज्या फाइलीच्या नावाची सुरुवात ठरावीक अक्षरांनी होते ती मालकाच्या डोळ्यांपुढून गायब व्हावी, अशी त्यात व्यवस्था होती. गाण्यांच्या नकला होऊ नयेत म्हणून हा उपद्व्याप! मग चोरांनीही आपल्या फाइलींना तीच अक्षरे जोडून त्याच पडद्याआड आसरा घेतला. कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. म्हणजे संशय घेणारे त्या वेळी बरोबर होते. (हा रसिनोविच पुढे २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्येच गेला, हा भाग निराळा.)

म्हणून प्रश्न अकलेचा नाही. खोटे फोल्डर, निरुपद्रवी फाइल, छुपा हेर आणि प्रामाणिक पहारेकरी, चौघेही एकाच वेशात आपल्या दारात येतात. मालकाला त्यांच्यात फरक करता येईल असे साधन एकच आहे, आणि ते म्हणजे ज्याने ठेवले त्याने सांगणे.

आम्हा शेतकऱ्यांना हे नवे नाही. माझ्या सातबारावर उद्या कोणाचा बोजा चढवायचा झाला, वारसाचे नाव लावायचे झाले, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५० आहे. तलाठ्याने (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) फेरफाराच्या नोंदवहीत नोंद केली की तिची प्रत चावडीवर लावायची आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवायचे. कायदा कागदावर आहे तसा गावात पाळला जातो, असे मी म्हणणार नाही. जिंतूरच्या तहसीलचे उंबरे मीही झिजवले आहेत. पण न कळवता नोंद झाली तर ‘मला नोटीस मिळाली नाही’ असे म्हणायला मला जागा आहे, आणि ते म्हणणे ऐकून घ्यायला कोणीतरी बसलेले आहे. माझ्या पैशांनी घेतलेल्या कॉम्प्युटरवर तेवढीही जागा नसावी?

मायक्रोसॉफ्टने फोल्डर टाकले याबद्दल माझी तक्रार नाही. भेग बुजवली, चांगलेच केले. २०१५ मध्ये मात्र विंडोज १० ची नोंदणी न केलेल्या लोकांच्याही कॉम्प्युटरांवर त्याच्या फाइली आधीच उतरवून, लपलेल्या फोल्डरात ठेवल्या गेल्या होत्या. त्या सहा जीबीपर्यंत असू शकत. ज्या काळी इकडे एकेका जीबीचा हिशेब घरात मांडला जाई, त्या काळी हे न विचारता झाले. ते गैर होते. या वेळचे तसे नाही. या वेळी हेतू चांगला होता, म्हणूनच गप्प राहणे अधिक खटकते.

यावर जाणकारांचे दोन आक्षेप मला ऐकवले गेले. पहिला, भेग कुठे आहे हे सांगितले तर चोराला वाट दाखवल्यासारखे होते. मान्य. पण ‘हे आम्ही ठेवले आहे, काढू नका’ एवढ्याने कोणती वाट दिसते? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दर महिन्याच्या अपडेटमध्ये असंख्य फाइली बदलतात. प्रत्येकीची दवंडी पिटली तर कोणी ऐकणारच नाही. हेही मान्य. भिंतीतल्या नळाचा तुकडा बदलला तर घरमालकाला रोज सांगायची गरज नाही. पण अंगणात, येता-जाता दिसेल अशा जागी नवी वस्तू ठेवली तर सांगावेच लागते, कारण तिच्याबद्दल घरमालक काहीतरी करणार हे ठरलेलेच आहे.

आणि सांगायचे ते त्याच्या भाषेत. ती सुरक्षा सूचना इंग्रजीत होती, तीही तिचा क्रमांक ठाऊक असणाऱ्यालाच सापडेल अशा ठिकाणी. मराठीत जमत नाही असे म्हणता यायचे नाही. विंडोजचे मेनू मराठीतून दिसण्याची सोय गेली कित्येक वर्षे आहे. आपल्या संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा केला. संमती मागताना द्यायची नोटीस इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे, अशी त्यात तरतूद आहे. तो कायदा आपल्या माहितीपुरता आहे. आपल्या यंत्रात कोणी काय ठेवावे, याबद्दल तो बोलत नाही. तत्त्व एकदा मान्य झाले आहे, तर ते कॉम्प्युटरच्या दारापर्यंत नेण्यात अडचण कसली?

त्या दुकानातल्या मुलाला मी हे सगळे सांगितले. त्याने मान खाली घातली. ‘‘सर, आम्हाला तरी कोण सांगतंय?’’ तो म्हणाला. ते खरेच होते. परभणी, सेलू, मानवत, पाथरी इथल्या छोट्या दुकानांतली ही पोरे म्हणजे आमच्याकडची संगणकाची सरकारी दवाखान्याइतकीच गरजेची व्यवस्था. दुखणे कळले नाही की फॉरमॅट, हे त्यांचे एकमेव औषध. पेन ड्राइव्हमध्ये दिसणारे ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ हे फोल्डर विंडोजचेच असते, किंवा मोठ्या अपडेटनंतरचे ‘विंडोज ओल्ड’ साधारण दहा दिवसांनी आपोआप जाते, एवढे साधे ज्ञानही त्यांच्यापर्यंत मराठीतून पोचवणारे कोणी नाही.

सेलूला माझी मावशी असते. आईच्या ओव्यांपैकी काही तिला येतात. चाल थोडी वेगळी आहे. दोनदा जाऊन आलो, सात मिळाल्या. या वेळी तीन ठिकाणी उतरवून ठेवल्या आहेत. आयनेटपब पुन्हा सी ड्राइव्हवर आहे, रिकामेच. मॉनिटरखाली मी एक चिठ्ठी डकवली आहे : ‘हे फोल्डर विंडोजचे आहे. काढू नये. न कळणारे दुसरे काही दिसल्यास आधी पुण्याला फोन करावा.’ दुकानातला तो मुलगा घरी आला होता. त्याने तिचा फोटो काढून नेला आणि पुण्याच्या जागी स्वतःचा नंबर घालून ती आपल्या काउंटरवर चिकटवली आहे.