बर्फाच्या गावी निघण्यापूर्वी

डिसेंबर उजाडला की परभणीच्या कृषी विद्यापीठात नोंदवलेले तापमान वर्तमानपत्रांत झळकू लागते. पारा दहा अंशांच्या खाली आला की पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरच्या चुडाव्यातही पहाटे शेकोट्या पेटतात आणि शेतात हुरड्याची तयारी सुरू होते. मराठवाड्यातल्या माणसाची थंडीची ओळख साधारण एवढीच. पण आता याच गावांतली मुले पुणे-हैदराबादमार्गे फिनलंड, स्वीडन, नॉर्वेत नोकरीला पोचली आहेत. नाताळात त्यांना सुट्टी असते, नातवंडांना सांताक्लॉजचे गाव पाहायचे असते आणि 'यंदा आई-बाबांनाही आणायचंच' असे ठरते.

फिनलंडमधले रोव्हानिएमी हे गाव आर्क्टिक वृत्ताला अगदी लागून आहे. तिथे डिसेंबरात तापमान उणे दहाच्या आसपास असते आणि काही रात्री ते उणे तीसपर्यंतही जाते. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे थंडी तेवढी कडक नसते, पण नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. अशा ठिकाणी एप्रिल-मे महिन्यांत चाळीस-पंचेचाळीस अंश सोसणारी, सत्तरीकडे झुकलेली माणसे जाणार असतात. जाण्याची हौस रास्तच आहे. प्रश्न तयारीचा आहे.

बहुतेक घरांत ही तयारी खरेदीपासून सुरू होते. जाकीट, थर्मल, बूट, कानटोपी आणि मग चिवडा-लाडवांचे डबे. आजोबांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला, हा प्रश्न या यादीत नसतो. खरे तर तोच पहिला असायला हवा.

यासाठी उदाहरण आपल्याच देशात आहे. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र २००८ मध्ये सुरू झाले. गोव्यात वास्को येथे मुख्यालय असलेली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ही संस्था ते चालवते. तिथे हिवाळ्यात भारतीय शास्त्रज्ञांची पहिली तुकडी गेली ती डिसेंबर २०२३ मध्ये. याच संस्थेमार्फत अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांची आधी कसून वैद्यकीय तपासणी होते आणि उत्तराखंडात औली येथे बर्फात राहण्याचे प्रशिक्षणही दिले जाते. धडधाकट शास्त्रज्ञांना एवढी पूर्वतयारी लागते. मग मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांना एका जाकिटावर पाठवणे कितपत शहाणपणाचे?

थंडीत शरीर नेमके काय करते? उष्णता वाचवण्यासाठी ते कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसून घेते. त्यामुळे रक्त आतल्या अवयवांकडे वळते, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा भार वाढतो. त्यात जड कपडे आणि बुटांनिशी गुडघाभर बर्फातून चालायचे. एरवी सपाट रस्त्यावर न जाणवणारा हृदयविकार अशा वेळी डोके वर काढतो. म्हणून निघण्याच्या निदान सहा आठवडे आधी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करावी. औषध बदलायचे असेल तर त्याचा परिणाम इथेच पाहता येतो. चालताना छातीत जडपणा येणाऱ्या, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा वरचेवर दमा उसळणाऱ्या माणसाने उणे वीसमध्ये जावे का, याचे उत्तर तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांकडून घ्यावे. ते 'नको' असे आले तर मुलांनी मे-जूनमध्ये बोलवावे. त्या दिवसांत रोव्हानिएमीत रात्रीही उजेड असतो आणि आई-बाबांना आपल्या पायांनी फिरता येते.

मधुमेहींची अडचण वेगळी. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असते. बोटे बधिर होत असल्याचे कळतच नाही आणि हिमदंश होतो, म्हणजे कातडी व तिच्याखालचा भाग गोठतो. तंबाखू, बिडी, सिगारेट यांतले निकोटिन रक्तवाहिन्या आणखी आकसवते, त्यामुळे धोका वाढतो. दारूने ऊब येते हा तर निव्वळ भास. तिने कातडीत रक्त उतरते म्हणून गरम वाटते, पण शरीराची उष्णता त्याच वाटेने बाहेर जाते.

औषधांचेही नियम आहेत. इन्सुलिन गोठले की निकामी होते. ते पुन्हा वितळवून वापरू नये. म्हणून ते विमानात सामानाबरोबर न देता हातातल्या पिशवीत आणि बाहेर फिरताना जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवावे. दम्याचा पंपही तिथेच, कारण फार थंडीत त्याचा फवारा नीट उडत नाही. साखर मोजण्याचे यंत्र गारठले की चुकीचा आकडा दाखवू शकते. गोळ्या मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त न्याव्यात आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण इथला ब्रँड तिथे कोणी ओळखणार नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी निदान तीस हजार युरोचा आरोग्य विमा लागतोच. पण त्यात आधीपासूनचे आजार धरले आहेत की नाहीत, हे वाचून पाहावे. फ्लूची लस निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे घ्यावी.

कपड्यांत महत्त्व जाडीपेक्षा थरांना आहे. अंगालगतचा थर सुती नको. सुती कपडा घामाने भिजतो आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेते. आत लोकरीचे किंवा थर्मल, मध्ये उबदार आणि बाहेर वारा अडवणारे, असे तीन थर हवेत. हवा उणे १५ अंश असताना ताशी ३० किलोमीटर वेगाने वारा सुटला तर उघड्या कातडीला ती उणे २६ सारखी लागते. बोटांचे हातमोजे घालण्यापेक्षा चारही बोटे एकत्र राहतील असे मोजे बरे. दोन पायमोजे घालून बूट आवळत असेल तर रक्तप्रवाह अडतो, म्हणून बूट एक माप मोठा घ्यावा. बर्फावर घसरून खुब्याचे हाड मोडणे हा म्हाताऱ्या माणसांचा मोठा धोका, म्हणून तळव्याला टोचे बसवलेले बूट घ्यावेत.

आजींच्या बाबतीत थोडा संकोच सोडावा लागेल. साडीचा काठ बर्फात भिजतो आणि मग पाय गारठतात. बाहेर पडताना आत थर्मल आणि वर पँटच हवी. घट्ट अंगठ्या आणि जोडवीही काढून ठेवावीत, कारण धातू चटकन थंड होतो आणि बोट सुजले तर तो रुतून बसतो. आठ दिवस जोडवी देव्हाऱ्यात राहिली म्हणून काही अशुभ होत नाही, हे घरातल्या मोठ्यांनीच सांगितलेले बरे. आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. एवढे कपडे काढून लघवीला जाण्याचा त्रास नको म्हणून वयस्क माणसे पाणीच पीत नाहीत. थंडीत लघवी जास्त होते आणि तहान कमी लागते, त्यामुळे अंगातले पाणी कमी होते. दर दोन तासांनी गरम जागी थांबायचे, हे आधीच ठरवून ठेवावे.

मुलांचे शरीर वजनाच्या मानाने जास्त उघडे असते, म्हणून ती मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. घसरगाडीत बसवलेले मूल हालचाल करत नाही, तर गाडी ओढणाऱ्या बापाला घाम फुटलेला असतो. आपल्याला गरम होते म्हणजे मुलालाही होत असेल, असे धरू नये. दर दहा-पंधरा मिनिटांनी एकमेकांचे नाक, कान, गाल पाहावेत. आपल्या सावळ्या कातडीवर हिमदंशाचा पांढरा डाग चटकन उठून दिसत नाही. ती राखाडी, मेणचट दिसते. म्हणून रंगापेक्षा बधिरपणावर भरवसा ठेवावा. असे झाले तर तो भाग चोळू नये, त्यावर बर्फ लावू नये, शेकोटीवर धरू नये. आत जाऊन कोमट पाण्यात बुडवावा आणि डॉक्टर गाठावा. माणूस अडखळू लागला, जीभ जड झाली, काहीबाही बोलू लागला आणि त्याची कुडकुड थांबली, तर तो सावरला असे समजू नये. त्याच्या शरीराचे तापमान धोक्याच्या पातळीखाली गेले आहे. तिथे लगेच रुग्णवाहिका बोलवायची.

सगळ्यात मोठा धोका मात्र घरातल्या शांततेचा. लेकाने लाखो रुपये खर्च केले, सून रजा काढून बसली, नातवंडे खुशीत आहेत. अशा वेळी छातीत दुखले तरी बाबा म्हणतात, 'मला काही होत नाही.' आपल्याकडच्या आई-बापांना दुखणे लपवण्याची सवय असते आणि मुलांना ते खरे मानण्याची. म्हणून निघण्यापूर्वीच मुलाने स्वच्छ सांगावे, 'पैसे गेले तरी चालतील, तुम्ही मधेच परत फिरलात तरी चालेल, पण सांगा.' एवढे एक वाक्य कोणत्याही जाकिटापेक्षा जास्त कामाचे आहे.

आणि ही माहिती केवळ विमानाने जाणाऱ्यांसाठी नाही. त्याच आठवड्यात मराठवाड्यातल्या एखाद्या उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत तान्हे मूल आणि त्याची आजी पहाटेची थंडी काढत असतात. पारा आठ अंशांवर असला तरी ओल्या दुपट्यातले बाळ गारठू शकते. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेले कुटुंब कार्बन मोनॉक्साइडने दगावू शकते. रक्तदाब इथेही वाढतो आणि गोळी इथेही चुकते. परदेशातून परतलेल्या कुटुंबाने जास्तीची उबदार कपडे कपाटात न ठेवता त्या कोपीपर्यंत पोचवावीत आणि बर्फात शिकलेले चार नियमही तिथे सांगावेत. ते परभणीच्या थंडीतही तेवढेच लागू पडतात.