तास मुलांच्या हक्काचा

कळमना बाजार समितीच्या आवारात हमाल-मापाऱ्यांचा दिवस भल्या पहाटे सुरू होतो आणि अशा कष्टकरी घरांतील नववी-दहावीच्या मुलांना मनातले बोलायला शाळेखेरीज फारशी जागा उरत नाही. म्हणूनच १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी समुपदेशक नेमावा आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण द्यावे, हा सर्वोच्च न्यायालयाचा २५ जुलै २०२५ चा निर्देश इथे विशेष मोलाचा ठरतो. मात्र एवढ्यावर थांबणे पुरेसे नाही, असे संशोधन सांगते.

दहा युरोपीय देशांतील १६८ शाळांमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दानुता वासरमन व सहकाऱ्यांनी आत्महत्या रोखण्याचे तीन उपाय पारखले: शिक्षकांना धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवणे, प्रश्नावलीतून जोखमीतील मुले शोधून त्यांना तज्ज्ञांकडे पाठवणे आणि खुद्द मुलांनाच ताण, नैराश्य व मदत मागण्याची रीत शिकवणे. वर्षभरानंतर आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले ते फक्त तिसऱ्या उपायाने. तुलनेच्या शाळांत ते १.५१ टक्के, तर या शाळांत ०.७० टक्के होते. त्यासाठी चार आठवड्यांत मिळून पाच तास लागले आणि त्यांतील तीन तास भूमिकानाट्याचे, म्हणजे अडचणीतला प्रसंग मुलांनीच वठवून त्यातून वाट शोधण्याचे होते. तीन महिन्यांनी हा फरक दिसला नव्हता, म्हणून अशा कामाचे मोजमाप घाईने करू नये.

हाच कार्यक्रम पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने, डॉ. सौमित्र पठारे यांच्या नेतृत्वाखाली, गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील शाळांत नेला. तेव्हा तो आपल्या मातीत रुजवता येणार नाही, ही सबब टिकत नाही. विषय काढला तर मुलांच्या डोक्यात नको ते येईल, ही पालकांची भीतीही समजण्याजोगी असली तरी निराधार आहे, कारण न्यूयॉर्क राज्यातील शाळकरी मुलांवरील २००५ च्या अभ्यासात थेट विचारल्याने आत्महत्येचे विचार वाढल्याचे आढळले नाही.

कळमन्यातील शाळांनी नववीच्या वेळापत्रकात हे पाच तास राखावेत आणि सराव परीक्षेसाठी ते कापू नयेत. मूल बोलू लागले की मोठ्यांनी न रागावता ऐकावे, धोका वाटल्यास त्याला एकटे सोडू नये आणि १४४१६ या 'टेलि-मानस'च्या चोवीस तास चालणाऱ्या मोफत क्रमांकावर किंवा जवळच्या रुग्णालयात तातडीने मदत मागावी. कारण मदत मागायला शिकलेल्या मुलाला ती मागताक्षणी मिळाली, तरच त्या शिक्षणाला अर्थ राहतो.